पानावरची चव

आई सहा बरण्या पिशवीत घालून जिना उतरून गेली, खालचं दार नेहमीसारखं दोनदा आपटलं, आणि खारूने वाडग्याच्या तळाशी उरलेलं सॅलडचं ड्रेसिंग लेट्यूसच्या एका दांड्याने निपटून तोंडात घातलं. अगदी सहज. धुण्याआधी वाडगा निपटणं हा तिचा लहानपणापासूनचा हक्क होता, त्यावर घरात कधी वाद झाला नव्हता. तिने दोनदा चावलं आणि ती थांबली. आधी लिंबू आलं, मग मोहरी, मग मध, सगळी आपापल्या जागी शहाण्या मुलांसारखी बसलेली. आणि मग त्यांच्यामागून, शेवटच्या बाकावरून, काहीतरी उठून उभं राहिलं. मेणाच्या खडूंचा जुना डबा उघडल्यासारखं. कपाटामागे पडलेला, दोन उन्हाळे तिथेच राहिलेला डबा. तिने दुसरा दांडा बुडवला. पुन्हा तेच. जीभ टाळ्याला लावून तिने नाकातून हळूच श्वास सोडला आणि आता तर शंकाच उरली नाही. तेल खवट होतं. फार नाही, थोडंसंच, पण खवट थोडंसं असून चालत नाही. आणि याच वाडग्यातलं ड्रेसिंग पंधरा मिनिटांपूर्वी आईने लेट्यूसच्या पानावर घेतलं होतं, डोळे मिटून सावकाश खाल्लं होतं आणि म्हणाली होती, "बरोबर आहे. भर."

वाडगा हातात धरून खारू ओट्यापाशी तशीच उभी राहिली. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि गाडी दर वेळी खोकून गप्प बसत होती. आईचं "बरोबर आहे" म्हणजे काही "छान" नव्हतं, "मस्त" नव्हतं, मावशी दर फोनला वाटते तसलं "वा गं वा" तर नव्हतंच. घरात ते दोन शब्द असे उठसूट मिळत नसत. बाबांना लग्नापासून दोनदा मिळाले होते, असं बाबाच सांगायचे, आणि त्यातला एकदा ते नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला उद्देशून होते असा त्यांना संशय होता. खारूला वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत एकदाही मिळाले नव्हते. चित्र काढलं की आई म्हणायची, "झाड जरा पडतंय." निबंध दाखवला की म्हणायची, "शेवट लवकर आला." वाईट नव्हती ती, खोटं बोलता येत नव्हतं एवढंच. आणि मग सात आठवड्यांपूर्वी, आई तापात चार दिवस पडून होती तेव्हा, खारूने पहिल्यांदा एकटीने ड्रेसिंग केलं. अंगावर पांघरूण ओढून आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, केस विस्कटलेले, डोळे लाल. तिने आधी खारूला पान खाऊ दिलं, मग स्वतः एक पान खाल्लं आणि म्हणाली, "बरोबर आहे."

त्या दोन शब्दांवर खारूने सात आठवड्यांत केवढा इमला बांधला होता हे तिचं तिलाच आता दिसलं. वर्गात जिचा हात कधी खांद्याच्या वर गेला नव्हता, ती त्याच आठवड्यात रसायनशास्त्राच्या तासाला उठून उभी राहिली. बाईंनी विचारलं होतं, तेल आणि पाणी एकत्र का होत नाही, आणि पुस्तकातलं उत्तर द्यायला तीन जण तयार होते, पण खारू म्हणाली, "होतं बाई. कुणीतरी मध्ये उभं राहिलं तर होतं." आणि मग मोहरी मध्ये कशी उभी राहते, तेल थेंबाथेंबाने का घालायचं, धार कधी धरायची, घाई केली की कसं फाटतं, हे सगळं ती अकरा मिनिटं बोलली. घंटा झाली म्हणून थांबली. मागच्या बाकावरच्यांनी तिचं नाव 'तेलबाई' ठेवलं, आणि तिला त्याचा राग यायच्या ऐवजी ती घरी येईपर्यंत मनातल्या मनात ते नाव घोळवत राहिली, तेलबाई, तेलबाई, एखादी पदवी मिळाल्यासारखी. त्यानंतर ती वेगळंच चालायला लागली होती. बसमध्ये पाय पसरून बसायला लागली होती. आरशात बघताना पोट आत ओढायचं विसरायला लागली होती. आणि या सगळ्याच्या पायाशी काय होतं, तर आईची जीभ आणि आईचं नाक.

आईचं नाक म्हणजे त्या इमारतीतली एक सोयच होती. कुणाच्या घरी गॅस सुटल्याची शंका आली की आधी आईला बोलवायचे आणि मग गॅसवाल्याला. खारू शाळेतून आली की आई तिच्या डोक्याशी वाकायची आणि म्हणायची, "आज जागा बदलली? शेजारी कुणाला तरी सर्दी आहे, निलगिरीचा वास येतोय." तेलाच्या बाटलीचं बूच अर्धं निघालं की ती दुसऱ्या खोलीतून सांगायची, "ते नको, ते गेलंय." याच नाकाने तिने अकरा वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या थंड स्वयंपाकघरात काढली होती. थंड म्हणजे जिथे शेगडी नाही, नुसती सॅलडं, कापलेली फळं आणि त्यांच्यावर घालायचं काय काय. आईचं काम पानं धुवायचं, पुसायचं आणि फाडायचं. ड्रेसिंग मोठे आचारी करायचे आणि चव घ्यायचे चमच्याने. चमच्यावर ते नेहमीच झोंबतं. मग आचारी ते मऊ करायचे, आणि पानात गेलं की कुठे नाहीसं व्हायचं ते कळायचं नाही, कारण पानाच्या अंगात स्वतःचं पाणी असतं, स्वतःचा कडवटपणा असतो, ते काही रिकाम्या भांड्यासारखं वाट बघत बसलेलं नसतं. आईला हे पानं पुसता पुसता, तुटलेली तोंडात टाकता टाकता कळलं होतं. चव चमच्यावर घ्यायची नाही, पानावर घ्यायची. अकरा वर्षांत तिने एकदाच हे बोलून दाखवलं. मोठे आचारी म्हणाले, "बाई, तुम्ही पानांचं बघा." आईने पानांचंच बघितलं. आणि मग एक दिवस ती नोकरी सोडून एका सात मजली कचेऱ्यांच्या इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याखालच्या जागेत स्वतःचं सॅलडचं काउंटर टाकून बसली, जिथे चमच्याने चव घ्यायला मनाई होती. गिऱ्हाइकालासुद्धा. कुणी "जरा चमच्यात द्या, बघतो" म्हणालं की आई एक पान बुडवून पुढे करायची.

आणि आता आठवायला लागल्यावर एकेक गोष्ट पुढे यायला लागली, जशी रांग मोडली की सगळेच धावतात. गेल्या आठवड्यात दूध करपलं तेव्हा आई शेगडीपासून चार पावलांवर भाजी निवडत होती, आणि खारू आतून ओरडत आली होती. आई म्हणाली होती, "विचारात होते गं." आई सकाळची कॉफी अर्धी ठेवून द्यायला लागली होती. घरातून निघताना गळ्याला अत्तर लावायची, ते बंद झालं होतं; बाटली आरशासमोर तशीच, तेवढीच. आणि हल्ली ती विचारायची, "दही कसं वाटतंय तुला?", "हे लसूण फार उग्र नाही ना?" खारूला वाटायचं, आपल्याला मान मिळतोय. घरातली दुसरी जाणकार म्हणून आपल्याला विचारलं जातंय. ती छाती काढून उत्तर द्यायची. तापातून उठल्यावर आई म्हणाली होती, "तूच करत जा आता ड्रेसिंग, माझा खांदा दुखतो." आणि त्याच खांद्यावर ती काकडीची पोती उचलत होती, हे खारूने रोज बघितलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

म्हणजे सात आठवडे. सहा दिवसांचा आठवडा, बेचाळीस सकाळी, बेचाळीस "बरोबर आहे". त्यांतलं एकही खरं नव्हतं. ती स्टुलावर बसली. जणू पेपर तपासून आल्यावर कळावं की बाईंनी पेपर वाचलाच नाही, वरच्या नावाकडे बघून गुण दिले. वर्गातली ती अकरा मिनिटं, तेलबाई, बसमधले पसरलेले पाय, सगळं एकदम कुणा दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं वाटायला लागलं. आणि मग, त्याच स्टुलावर, त्याच क्षणात, मनाच्या कुठल्यातरी वांड कोपऱ्यातून प्रश्न आला: मग बेचाळीस दिवस ते ड्रेसिंग कुणाच्या जिभेवर गेलं? काउंटरवरून एकही बरणी भरलेली परत आली नव्हती. उलट आई बरण्या रिकाम्या आणायची, धुवायलाही सोप्या, पुसून खाल्ल्यासारख्या. आईला वास नव्हता, बाबा तर सॅलड कोरडंच खातात आणि त्याला चारा म्हणतात. मग उरलं कोण? तिच्या तोंडावर हसू यायला लागलं आणि तिची तिलाच लाज वाटली. आईचं नाक गेलंय आणि आपण इथे बसून हिशोब लावतोय की श्रेय कुणाचं. पण हसू काही जाईना. ते गालाच्या आत जाऊन बसलं, लहानपणी ती घास धरून ठेवायची तसं. त्यावरूनच तर आईने तिचं नाव खारू ठेवलं होतं, खारुताईचं खारू.

मग तिला आजचं आठवलं आणि हसू गेलं. आज तिने पान खाल्लंच नव्हतं. रोज ती आधी स्वतः खायची, मग आईला द्यायची. आज मोहरी-लिंबाचं होतं, जे ती झोपेतही करू शकते असं काल बाबांना सांगत होती, आणि आज सकाळी ते इतकं सुंदर दाट झालं, व्हिस्कच्या तारांवरून इतकं रेशमी पडलं, की तिने कमरेवर हात ठेवून आईला नुसतं म्हटलं, "बघ." चवीची गरजच काय. आणि तेल. खिडकीतली ती बाटली. आईचा दुसरा नियम होता की जुन्या तेलात नवं ओतायचं नाही; बाटली संपू द्यायची, धुवायची, उन्हात वाळवायची, मग भरायची. सोमवारी तळाला दोन बोटं तेल होतं, खारूला शाळेला उशीर होत होता, आणि उन्हात ती जवळजवळ रिकामी बाटली काही शोभत नव्हती. तिने डब्यातलं नवं वरून ओतलं. बाटली काठोकाठ, सोनेरी, फोटो काढण्यासारखी. तिने काढलाही होता. मग पाच दिवस ती उन्हातच उभी होती, आणि आधी दह्याच्या ड्रेसिंगची पाळी होती म्हणून आज पहिल्यांदा उघडली. आता बूच काढून तिने वास घेतला. खडूंचा डबा.

तिने फोन लावला. वाजत राहिला. बसमध्ये आईचा फोन पिशवीच्या तळाशी असतो. काउंटर साडेअकराला उघडतं आणि आता दहा वाजत आले होते. शनिवार होता, शाळा नव्हती, कचेऱ्या दुपारपर्यंत चालू. पहिलं पान काउंटरवरून जायच्या आत नवं पोचवलं पाहिजे, कारण खवट कळायला आईचं नाक लागत नाही, तिसऱ्या घासाला ते कुणालाही कळतं, आणि लोक तोंडावर काही बोलत नाहीत, नुसते सोमवारी दुसरीकडे जातात. अकरा वर्षं पाठमोरी उभी राहून कमावलेली जिन्याखालची ती जागा खारूच्या एका बाटलीपायी जाणार होती. तिने बाह्या सरसावल्या. डब्यातलं सील न फोडलेलं तेल काढलं, लिंबं कापली, मोहरीची पेस्ट वाडग्यात घेतली, आणि घाई केली. तेल धारेने सोडलं, पहिल्या शंभर थेंबांची कदर न ठेवता, आणि बघता बघता सगळं सुटं झालं. वर तेलाचं तळं, खाली पिवळा गाळ. फाटलं. ती बारा वर्षांची असताना असंच फाटलं होतं आणि ती रडत वाडगा बेसिनकडे घेऊन निघाली होती, तेव्हा आईने तिचं मनगट धरलं होतं. रागावून नव्हे, नुसतं धरलं होतं. दुसरा कोरडा वाडगा पुढे ठेवला, त्यात चमचाभर मोहरी घातली आणि म्हणाली, "आता हे फाटलेलं या मोहरीत घाल. थेंबाथेंबाने. जणू हेच तेल आहे." खारूला तेव्हा पाऊण तास लागला होता, हात भरून आले होते, आणि फाटलेलं हळूहळू, कुरकुरत, पुन्हा एक झालं होतं. आई तेव्हाही 'बरोबर' म्हणाली नव्हती. म्हणाली होती, "चालेल."

दुसरा वाडगा. चमचाभर मोहरी. थेंब. थेंब. या वेळी वीस मिनिटं लागली, आणि त्या वीस मिनिटांत खारूच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, व्हिस्कसारखी, त्याच दिशेने: आईला माहीत आहे का? की तिला खरंच वाटतंय की चव लागतेय? असं होतं म्हणतात, जीभ आंबट-खारट सांगत राहते आणि उरलेलं मन भरून काढतं, ओळखीच्या गाण्याचे शब्द ऐकू आले नाहीत तरी ऐकू आल्यासारखे वाटतात तसं. तिला कळलेलंच नसेल तर? मग आपण जाऊन सांगणार, आई, तुझं नाक गेलं? ज्या बाईचं सगळं आयुष्य पानावरच्या चवीवर उभं आहे तिला, काउंटरवर, काकडी कापता कापता? मोहरी संपली. चारच बरण्या झाल्या. तिने पान खाल्लं, नीट, डोळे मिटून. झालं होतं. मग वाटलं झालं नाही. मग वाटलं झालं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला पलीकडे कुणी नसताना चव घ्यावी लागत होती, आणि ती कड्याच्या टोकावर उभं राहून वजन करण्यासारखी गोष्ट निघाली.

बसमध्ये तिने बरण्या मांडीवर घेतल्या आणि पाय जवळ घेऊन बसली. काच, तिच्यावर टॉवेल, टॉवेलवर तिचे दोन्ही हात. वळणावर बरण्या एकमेकींना हलकेच लागायच्या आणि ती त्यांना दाबून धरायची. शेजारच्या बाईंनी विचारलं, "लोणचं का?" खारू म्हणाली, "नाही, ड्रेसिंग," आणि बाईंनी सहानुभूतीने तिच्या गुडघ्यांकडे बघितलं, पट्टी कुठे बांधली आहे ते शोधत. तोवर तिचं ठरलं होतं. सांगायचं नाही. बरण्या गुपचूप बदलायच्या. आईचं आईपाशी राहू दे. काय सांगायचं तेही ठरलं, लेबलं चुकली म्हणायचं, जुनी लेबलं लागली, म्हणून दुसऱ्या आणल्या. साधं, घरगुती खोटं, कुणालाही न लागणारं. सहा थांबे तिने त्याची तालीम केली. आवाज कुठे खाली आणायचा तेही ठरवलं.

तळमजल्यावर दुपारच्या आधीची शांतता होती. लिफ्ट वर कुठेतरी अडकून गुणगुणत होती. जिन्याखालच्या काउंटरवर आई बर्फाच्या पाण्यातून पानं काढून मोठ्या कापडात गुंडाळत होती आणि कापड दोन्ही टोकांनी धरून झुलवत होती, पाणी निथळायला. सकाळच्या सहाही बरण्या मागे फळीवर रांगेत, झाकणं बंद. खारूला पाहून ती झुलवायची थांबली नाही.

"तू इथे कशी? अभ्यास झाला?"

"लेबलं," खारू म्हणाली. आवाज ठरल्याप्रमाणे खाली आणला. "लेबलं चुकली गं. जुनी लागली. म्हणून मी दुसऱ्या आणल्या."

आईने मागे वळून बरण्यांकडे बघितलं, मग खारूच्या हातातल्यांकडे. मग म्हणाली, "आपण बरण्यांना लेबलं कधीपासून लावतो?"

खारूने बघितलं. सहा बरण्या. नुसती काच. तिच्या चार बरण्याही नुसती काच. सहा थांबे तालीम करूनही हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तेल खवट झालंय," ती म्हणाली.

कापड थांबलं.

"कुठलं?"

"खिडकीतलं. जुन्यात नवं ओतलं. मीच. सोमवारी."

आईने हात पुसले, फळीवरची एक बरणी घेतली, झाकण उघडलं आणि वास घेतला. सवयीने, खोल, खांद्यांसकट. खारू तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि त्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही, दारावरची घंटा वाजवावी आणि आत कुणी नसावं तसं. आईने झाकण लावलं.

"किती आहे?"

"थोडंसं. पण आहे."

"आणि तू पान खाल्लं नव्हतंस."

"नाही."

"तरीच," आई म्हणाली. "तोंड इतकं छान केलं होतंस, कमरेवर हात ठेवून, की मला वाटलं, खाल्लंच असेल."

खारूने हातातल्या बरण्या काउंटरवर टेकवल्या. मागे कुठेतरी लिफ्टचा दरवाजा उघडला आणि मिटला. "तुला वास येत नाही," ती म्हणाली. प्रश्न नव्हताच तो.

"नाही. तापापासून."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाल्या, येईल. नाही आला तर नाही येणार." आईने पानांची गाठ सोडली आणि पानं भांड्यात पसरायला घेतली. "कॉफी नुसत्या गरम पाण्यासारखी लागते. आंबट कळतं, खारट कळतं. बाकी सगळं म्हणजे, टीव्हीचा आवाज बंद करून बघावं तसं."

"मग तू 'बरोबर आहे' कसं म्हणायचीस?"

"तुझ्याकडे बघून." आईने हे इतकं साधेपणाने सांगितलं, जसं कुणी सांगावं की वेळ घड्याळात बघितली. "तू कशी खातेस ते तुला माहीत नाही. घास डाव्या गालात धरतेस. मीठ कमी असलं की भुवया जवळ येतात. मोहरी जास्त झाली की उजवा डोळा बारीक होतो. आणि झालं, की तू चावायची विसरतेस. तोंड तसंच, अर्धं उघडं, चांगलं बावळट दिसतं. ते दिसलं की मी म्हणते."

"मला सांगायचंस ना."

"आणि मग काय? तू पान खाऊन माझ्याकडे बघत बसली असतीस, आई काय म्हणते म्हणून. मग मी कुणाकडे बघायचं?"

सात आठवडे ती समजत होती की ती आईच्या चेहऱ्याकडून उत्तर घेतेय, आणि ओट्याच्या त्या टोकाला आई तिच्या चेहऱ्यावरून उतरवून घेत होती. दोघींच्या मध्ये एक वाडगा, आणि जीभ एकच. सगळा वेळ तीच. बेचाळीस सकाळी कुणी तिच्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन बघितलं होतं, आणि तिला वाटत होतं, आपलं तोंड फक्त आरशातच दिसतं. आईने सकाळच्या सहा बरण्या एकेक करून फळीवरून खाली काउंटरखाली ठेवल्या, कुरकुर न करता, आणि चार नव्या त्यांच्या जागी मांडल्या. "फाटलं होतं का हे?" तिने विचारलं. "हो," खारू म्हणाली. आईने मान हलवली.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यावरून उतरले, गळ्यात मास्क लोंबकळतोय, हातात डबा, साडेअकराला अजून पाच मिनिटं असताना, आणि त्यांच्यामागून हिशोब विभागातल्या दोन बायका आपापले डबे घेऊन. डॉक्टर रोज पहिले यायचे. आईच्या बोलण्यातून खारू त्यांना ओळखत होती. त्यांना कांदा चालायचा नाही, कारण दुपारभर लोकांच्या तोंडाजवळ तोंड.

"ताई, आज मोहरीवालं ना?" त्यांनी विचारलं आणि मग त्यांची नजर खारूवर गेली. वरपासून खाली, बसमध्ये सुरकुतलेल्या बाह्यांपर्यंत. "ही का ती?"

"हीच," आई म्हणाली.

"अहो, मला वाटलं, चांगली पंचविशीतली असेल." डॉक्टर मागे वळून बायकांना म्हणाले, "बघा, ड्रेसिंगवाली मुलगी आली." आणि पुन्हा खारूकडे, "सात आठवडे ऐकतोय. काही चांगलं म्हणायची सोय नाही, लगेच तुझी आई, 'मी नाही, मुलगी करते.' शेवटी मी चांगलं म्हणायचं सोडून दिलं, नुसतं खातो."

"खोटं," मागची एक बाई म्हणाली. "काल माझ्या डब्यातलं पुसून नेलंत."

खारूने आईकडे बघितलं. आई टोमॅटो कापत होती, मान खाली, सुरी सपसप, आणि कानाची पाळी लाल. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सात मजले, लिफ्टमधून वर-खाली जाणारे सगळे, आणि माहीत नव्हतं ते फक्त तिला, जी सकाळपासून स्टुलावर बसून श्रेय कुणाचं म्हणून स्वतःशी भांडत होती. तिचे कान गरम झाले. पाय, तिच्या नकळत, जरा दूर होऊन घट्ट रोवले गेले.

"मग काय," डॉक्टर म्हणाले, "आज कसं झालंय?"

आईने सुरी ठेवली. भांड्यातलं एक पान उचललं, चांगलं मधलं, कडेला कुरळं, आणि खारूपुढे धरलं. खारूने पहिली बरणी उघडली, पान बुडवलं, निथळू दिलं, तोंडात घातलं. सगळे बघत होते. तिला आपला डावा गाल जाणवला, आयुष्यात पहिल्यांदा, घास तिथे जाऊन बसलेला. घरी झालेलं वाटलं होतं ते इथे झालेलं नव्हतं. इथली पानं बर्फातून आलेली होती, गार, पाणीदार, हट्टी; ड्रेसिंग त्यांच्यावर चढायच्या आधीच मागे सरत होतं. मोहरी लांबून हाक मारत होती. 'झालंय' म्हणावं, लोक उभे आहेत, असं एक मन म्हणालं, आणि त्या मनाकडे तिने लक्ष दिलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "लिंबू हवंय. आणि मीठ, एवढंसं."

"पाच मिनिटं थांबतो," डॉक्टर म्हणाले आणि घड्याळात बघितलं, पण बायकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते काउंटरला टेकून उभे राहिले.

आईने लिंबू कापलं, बिया बोटांत अडवत पिळलं. खारू सांगेपर्यंत पिळत राहिली, "बस" म्हटल्यावर त्याच थेंबाला थांबली. मीठ खारूने स्वतः टाकलं, तीन बोटांत धरून, आणि चमचा उभा धरून तळापर्यंत ढवळलं. मग दुसरं पान. या वेळी सगळं पानाच्या अंगावर येऊन बसलं. आधी गारवा, मग लिंबाची धार, मागून मोहरी, आणि सगळ्यांत शेवटी तेल, नवं, स्वच्छ, आपलं काही न सांगणारं. लिफ्टचं गुणगुणणं, डॉक्टरांचा लोंबकळता मास्क, हिशोबवाल्या बायकांचे डबे, सगळं क्षणभर लांब गेलं. तिच्या लक्षात आलं की आपण चावायचं विसरलोय.

"बरोबर आहे," खारू म्हणाली.

आईने तिच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. तिने डाव उचलला आणि डॉक्टरांचा डबा पुढे ओढला.